जुन्या कार्टूनचे दोन डबे: लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन ३ आणि ४

लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शनचा तिसरा आणि चौथा व्हॉल्यूम, वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन स्टुडिओच्या जुन्या कार्टूनचे डीव्हीडी बॉक्स, दोन्ही वापरलेले मागवले आणि बरेच दिवस झाले आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी पोट्ट्यांना दाखवतेय. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या पुढचं गाव आहे आमचं, धानाचा पट्टा. पहिले निकाल सांगून टाकते: तिसरा घ्याच, चौथा स्पीडी गोन्झालेस हा मेक्सिकन उंदीर आवडत असेल तर घ्या. पण मला खरं बोलायचंय ते या कार्टूनमध्ये कोणावर हसतात आणि त्याबद्दल हे डबे काय करतात यावर, कारण लहान पोरांसमोर लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो.

कामाचं आधी. तिसरा २००५ चा, चौथा २००६ चा. प्रत्येकात चार डिस्क, साठ कार्टून, एकेक साधारण सात मिनिटांचं. रंग इतके साफ केलेत की पडद्यावर लावल्यावर १९४३ चं काम आहे हे सांगूनही कोणी मानत नाही. सेट अमेरिकेतला, रिजन एकचा, आपल्याकडचा साधा प्लेयर रिजन पाचचा असतो, तो ही डिस्क घेतच नाही. मी लॅपटॉपला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लावून व्हीएलसीवर चालवते, तिथून प्रोजेक्टरला. सबटायटल इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. हिंदी-मराठी काही नाही. मारामारीच्या कार्टूनला त्याने काही अडत नाही पण बोलण्यावरचे जोक सांगावे लागतात, मी मध्ये थांबवून सांगते, पोरं चिडतात पण ऐकतात.

आता मुद्दा. ही कार्टून बनली तेव्हा लहान पोरांसाठी बनलीच नव्हती, थिएटरमध्ये मेन पिक्चरच्या आधी मोठ्या माणसांसमोर लागायची, आणि त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला, जपान्याला, मेक्सिकनला, आदिवासीला पडद्यावर जसं चिडवायचे तसंच यातही चिडवलंय. मग पन्नास-साठ वर्षांनी कंपनीने हे विकायला काढताना काय करायचं? तिसऱ्या डब्यात सुरुवातीला व्हूपी गोल्डबर्ग येते. मोठी अभिनेत्री, स्वतः कृष्णवर्णीय, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघून सांगते की यातल्या काही विनोदांनी काळ्या लोकांना, बायकांना, वेगवेगळ्या समाजांना लाज आणली असेल, दुखवलं असेल, ते चूकच होतं, पण कापून टाकणं म्हणजे असं कधी झालंच नाही म्हणण्यासारखं होईल, म्हणून जसं आहे तसं ठेवलंय. बस्स. एवढंच बोलते, आणि माझ्या मते पूर्ण डब्यातली सगळ्यात दामाची गोष्ट तीच आहे. चौथ्या डब्यात हेच सगळं लेखी पाटीवर येतं. मजकूर जवळपास तोच, चांगलाच आहे, पण पाटी कोण वाचतो? आमच्या पोरांना तर इंग्रजी पाटी वाचताच येत नाही, ती येते आणि जाते. माणूस बोलला की पोरगं ऐकतं, भाषा नाही कळली तरी चेहरा बघतं आणि विचारतं ताई ही बाई काय सांगून राहिली. मग सांगायला जागा मिळते. म्हणून तिसरा डबा मला वरचढ वाटतो, फक्त या एका गोष्टीसाठी.

आणि ही जागा मिळणं किती गरजेचं आहे ते तिसऱ्या डब्यातल्या पहिल्याच डिस्कवर कळतं. वॅकिकी वॅबिट, १९४३, दिग्दर्शक चक जोन्सचं. दोन जहाजबुडे भुकेले माणसं पॅसिफिकमधल्या बेटावर लागतात आणि बग्ज बनी हा चलाख ससा तिथे बेटावरल्या माणसाचं सोंग घेऊन त्यांना फिरवतो. काय भारी आहे म्हणून सांगू, मागची झाडं-पानं सगळी डिझाइनसारखी सपाट रंगात, त्या काळी असं फार कोणी करत नव्हतं, आणि ते बॅकग्राउंड बनवणाऱ्या दोघांपैकी एक बाई होती, बर्नीस पोलिफ्का. हे मी पोरींना मुद्दाम सांगते, कारण त्या जमान्यात स्टुडिओत बायका म्हणजे बहुतेक शाई आणि रंग भरायच्या खोलीत, चित्र हलवायचं काम पुरुषांचं. ते दोन भुकेले माणसंही खरे आहेत बरं का, स्टुडिओतलेच गोष्ट लिहिणारे मायकल माल्टीझ आणि टेड पियर्स, त्यांचीच चित्रं काढलीत.

पण त्या बेटावर बेटाचा एकही माणूस नाही. सात मिनिटांत एकही नाही. फक्त त्यांचं सोंग आहे. बग्ज लांबलचक काहीतरी बोलतो आणि खाली सबटायटल येतं व्हॉट्स अप डॉक, मग दोन शब्द बोलतो तर खाली लांबलचक वाक्य येतं. म्हणजे जोक हा आहे की यांची भाषा म्हणजे नुसता आवाज. त्याच वर्षी अमेरिकेचे सैनिक त्याच समुद्रातल्या बेटांवर लढत होते आणि इकडे थिएटरमध्ये लोक हे बघून हसत होते.

आमच्याकडे हे लावलं आणि पोट्टे हसहसून लोळले, आणि एक पोट्टा उठून तसाच नाचायला लागला, झिंगालाला हुर्र हुर्र करत. त्याच्या डोक्यात ते कुठून आलं? गॅदरिंगमधून. आपल्या विदर्भातच नाही, महाराष्ट्रभर शाळेच्या गॅदरिंगमध्ये आदिवासी नृत्य म्हणून काय असतं ते सगळ्यांनी बघितलंय. तोंडाला काजळ नाहीतर बुटाचं पॉलिश, कमरेला आंब्याची पानं, डोक्यात कोंबड्याची पिसं, हातात भाला आणि मधात शेकोटी म्हणून लाल जिलेटीन पेपर. आणि हे कुठे, तर चंद्रपूर जिल्ह्यात, जिथे खुद्द चंद्रपूर शहराचा किल्ला गोंड राजांनी बांधला आणि जिथे वर्गातली कितीतरी पोरं गोंड, माना, हलबा आहेत. पलीकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. ज्यांचं नृत्य आहे ते पोरगं त्याच स्टेजसमोर सतरंजीवर बसून बघतंय. त्या दिवशी माझ्याकडे बसलेली एक चौथीतली पोरगी, गोंड घरची, हसली नाही. ती म्हणाली, "ताई, आमच्या घरी तं कोनी पानं नाही गुंडारत." एवढंच म्हणाली आणि गप बसली.

मग मी कार्टून थांबवलं आणि व्हूपी गोल्डबर्गवाला भाग परत लावला आणि आमच्या बोलीत सांगितला वाक्यागणिक. मग तिलाच विचारलं की तुमच्याकडे रेला कसा नाचतात. तिने उठून पाय दाखवले, हात हातात धरून कसं गोल फिरायचं ते दाखवलं, दोन पोरी तिच्यासोबत उभ्या झाल्या. झिंगालाला करणारा पोट्टाही गेला त्यात. मी म्हणते ना की कापायचं नाही, दाखवायचं आणि बोलायचं, ते यासाठी. मी ते कार्टून सोडून पुढचं लावलं असतं तर गॅदरिंगचं काजळ तसंच राहिलं असतं पोरांच्या डोक्यात, त्याला कोणी हात लावला नसता.

त्याच डिस्कवर हिलबिली हेअर आहे, १९५०, रॉबर्ट मॅक्किमसनचं. हे माझं दोन्ही डब्यांतलं सगळ्यात आवडतं आणि त्यावरच माझी तक्रारही आहे. बग्ज ओझार्क डोंगरात सुट्टीवर जातो आणि तिथे दोन दाढीवाले भाऊ, अनवाणी, हातात बंदूक, डोकं शून्य. शेवटी बग्ज त्यांच्या चौकोनी नाचाचे, म्हणजे स्क्वेअर डान्सचे, बोल गायला लागतो आणि ते दोघं जे गाण्यात येईल ते करत सुटतात. एकमेकांची दाढी ओढतात, पाण्यात जातात, डुकरांच्या गोठ्यात जातात, गवत बांधायच्या मशीनमध्ये जातात, शेवटी कड्यावरून खाली. गाणं थांबतच नाही आणि नाचही थांबत नाही. टायमिंग असलं पक्कं आहे की कितीदा बघितलं तरी मी हसते.

पण हे दोघं काहून मूर्ख आहेत? तर खेड्यातले आहेत म्हणून. दुसरं कारण कार्टूनमध्ये दिलेलंच नाही. गोरे आहेत, अमेरिकनच आहेत, फक्त डोंगरातले गरीब. व्हूपीच्या बोलण्यात रंग आहे, बायका आहेत, वेगवेगळे समाज आहेत, चौथ्या डब्यातल्या पाटीतही वंश आणि समाज आहे, पण खेड्यातल्या माणसाचं नाव कुठेच नाही. आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धान-जंगलाच्या पट्ट्यातले लोक आहोत म्हणून मला हे लगेच दिसतं. मराठी सिरियलमध्ये आमच्याकडचा माणूस येतो तो कशाला येतो? ऑफिसातला शिपाई, नाहीतर लग्नात जास्त जेवणारा पाहुणा, आणि त्याच्या तोंडी वऱ्हाडी टाकायची, तीही धड नाही, चार शब्द घोकून आलेली. पुण्याचे हसतात ते सोडा, नागपूरचे लोकही आमच्या पूर्वेकडच्या बोलीला हसतात, आम्ही पाणी ला पानी म्हणतो, डोळ्याला डोरा म्हणतो, म्हणून. माझ्या भाच्याने कॉलेजला गेल्यावर सहा महिने तोंड उघडलं नाही. हे सगळं त्या दोन दाढीवाल्यांत आहे.

उलट गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटकात बघा. दिवाळी झाली, धान कापून झालं की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू होते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात, हजार-दोन हजार लोक थंडीत घोंगडी घेऊन बसतात. तिथेही गावच्या माणसाची खिल्ली उडते, बेवड्याची, कंजूस सासऱ्याची, पाटलाची, सगळ्यांची, पण बोलणारा आमचा, ऐकणारे आमचे, आणि त्याच नाटकात हुशार माणूसही आमच्याच बोलीत बोलतो. तो फरक आहे. खिल्ली उडण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही, विनोदी कार्टून आहे, खिल्ली नाही उडवणार तर काय करणार. एका समाजाचा एकच माणूस दाखवायचा आणि तोही मूर्खच दाखवायचा, हे नको.

आणि म्हणूनच स्पीडी गोन्झालेस. चौथ्या डब्यातली तिसरी डिस्क सगळी याचीच आहे, त्याचं पहिलं कार्टून कॅट-टेल्स फॉर टू (१९५३) सुद्धा आहे, ज्यात तो वेगळाच दिसतो, सोन्याचा दात, नुसता अंगावर लाल सदरा, अजिबात गोड नाही. दोन वर्षांनी फ्रीझ फ्रेलेंगच्या टीमने त्याला पांढरे कपडे, लाल रुमाल, मोठी टोपी दिली आणि त्या १९५५ च्या कार्टूनला ऑस्कर मिळालं. त्याची गोष्ट ऐका: सीमेवर कुंपण, पलीकडे चीजची फॅक्टरी, इकडे उपाशी मेक्सिकन उंदीर, मधात राखण करणारी अमेरिकन मांजर. आणि सगळ्यात वेगवान, सगळ्यात डोकेबाज तोच जो टोपीवाला मेक्सिकन आहे. मांजर दर वेळी हरते. हे १९५५ मध्ये!

पण त्याच्या आजूबाजूचे उंदीर बघा. कोणी आळशी, कोणी भिंतीला टेकून डुलक्या घेतोय, कोणी पिऊन पडलाय. त्याचा चुलतभाऊ स्लोपोक रॉड्रिगेझ तर चालतानाही झोपतो. आणि स्पीडीसकट बहुतेक आवाज मेल ब्लँक या अमेरिकन आवाज-कलाकाराचेच. म्हणून अमेरिकेत कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये हे दाखवणं बंद केलं. मग झालं असं की बंद करा म्हणून नाही तर चालू करा म्हणून लोक बोलायला लागले, आणि त्यात अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकन नागरिकांची जुनी मोठी संघटना होती, लुलॅक. हा आमचा हिरो आहे, याला काढू नका म्हणाले. २००२ मध्ये परत आला. मला हे फार पटतं. चॅनलवाल्यांनी त्यांच्या वतीने ठरवलं होतं की यांना वाईट वाटत असेल, विचारलं कोणी नव्हतं. आता त्यांना स्पीडी आवडतो म्हणजे भिंतीला टेकलेले उंदीरही आवडतात असं नाही, दोन्ही गोष्टी सोबत खऱ्या आहेत, आणि पोरांना हे कळतं. आमच्या पोट्ट्यांना स्पीडी इतका जवळचा झालाय की कोणी पळत आलं की त्याच्यासारखं अरिबा अरिबा ओरडतात. डिस्क मात्र सलग बघू नका, गोष्ट एकच आहे फिरून फिरून, शेवटची साठच्या दशकातली कार्टून तर स्वस्तात बनवलीत ते दिसतं. दोन बघा, बंद करा.

न कापण्याच्या बाजूने मी एवढी का बोलते त्याचं अजून एक कारण, आणि ते टॉम अँड जेरीचं आहे, ते या डब्यात नाही कारण ते एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओने बनवलेलं. पण ते सगळ्यांच्या घरी बघितलेलं आहे. त्यातली घरातली बाई आठवते? नुसते पाय, चप्पल, झाडू. ती काळी मोलकरीण, १९४० पासून १९५२ पर्यंत होती, आवाज लिलियन रँडॉल्फचा. कृष्णवर्णीय लोकांच्या संघटनेने तेव्हाच आक्षेप घेतला होता, कारण पडद्यावर काळ्या बाईला मोलकरणीशिवाय दुसरं काम दिसायचंच नाही, आणि तो आक्षेप बरोबरच होता. मग साठच्या दशकात टीव्हीसाठी काय केलं, तर काही कार्टूनमध्ये तिच्या जागी गोरी बाई काढली आणि आवाज जून फोरेचा टाकला. नव्वदीत परत वेगळ्या बाईकडून डबिंग. म्हणजे चित्रातली मोलकरीण सुधारली का? नाही. गेली ती लिलियन रँडॉल्फ. जिला तेव्हा एवढंच काम मिळत होतं आणि ते तिने जीव लावून केलं होतं, तिचाच आवाज पुसला. मला याचा राग येतो. दुरुस्ती करताना सुद्धा तोटा तिचाच.

या डब्यांत काय नाही हेही सांगायला पाहिजे. वॉर्नरची अकरा कार्टून आहेत जी युनायटेड आर्टिस्ट्सने, टीव्हीचे हक्क तेव्हा त्या कंपनीकडे होते, १९६८ मध्ये टीव्हीच्या वाटपातूनच काढून टाकली, काळ्या लोकांचं चित्रण इतकं वाईट की कापून काही उरणार नाही. त्यातलं एकही इथे नाही. त्यात बॉब क्लॅम्पेटचं १९४३ चं कोल ब्लॅक आहे, ज्यात हिरोइनचा आवाज व्हिव्हियन डँड्रिज या कृष्णवर्णीय गायिकेचा आहे, म्हणजे तिथेही तीच गाठ. ती पोरांच्या डब्यात नकोत, हे मला मान्य आहे. पण मोठ्यांसाठी वेगळा सेट, कोणीतरी जाणता माणूस बोलणारा, असा काढायला हवा होता. २०१० मध्ये अमेरिकेत टीसीएम या जुन्या सिनेमांच्या चॅनलच्या फेस्टिव्हलला त्यातली आठ दाखवली, म्हणजे होऊ शकतं.

पेपे ल प्यू बद्दल थोडक्यात. तिसऱ्या डब्यात त्याचं पहिलं, १९४५ चं कार्टून आहे. नको म्हणणाऱ्याच्या मागे मागे जाणारा स्कंक. चित्र सुंदर, पण आमच्या मोठ्या पोरींना अजिबात आवडलं नाही, एकीने सरळ सांगितलं ताई हे एसटी स्टँडवर रोज बघतो आम्ही, इथे कशाला. मी ते लावत नाही आता. चेतावणी सांगूनही ज्यात पोरींना मजा येत नसेल ते रविवारच्या दोन तासांत कशाला बसवायचं, बाकी एकशे एकोणीस आहेत.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. वापरलेला घेताना डिस्कचा मागचा फोटो मागा, कार्डबोर्डच्या घडीतून डिस्क ओढताना ओरखडे पडतात. बॉक्स मिळाला की पहिले तिसऱ्याची पहिली डिस्क, मग चौथ्याची तिसरी. तिसऱ्याची दुसरी डिस्क हॉलिवूडच्या जुन्या नटांची नक्कल आहे, ते नट आपल्याकडे कोणी ओळखत नाही, ती मागे ठेवा. आणि व्हूपीचं बोलणं लागलं की रिमोट दाबून पुढे जाऊ नका, तिथेच थांबवा आणि तुमच्या पोरांना तुमच्या बोलीत सांगा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, वडसाकडच्या कोणत्या शाळेला किंवा वाचनालयाला हवे असतील तर दोन्ही डबे मी द्यायला तयार आहे, गॅदरिंगच्या तयारीआधी नेले तर जास्त बरं.